हान्स वेरचा अरबी कोश : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

जुनं पुस्तक घेताना आधी पाठीची शिवण बघावी, हे दुसऱ्यांना सांगणारा मी. तरी फसलो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेअकराशे रुपयांना कोश मागवला. वर्णनात ‘स्थिती उत्तम’ असं लिहिलेलं. पाकीट फोडलं तर हातात दोन कोश आले, एक डाव्या हातात, एक उजव्या. साद अक्षर संपून ज़ाद सुरू होतं तिथे पाठ उभी फाटलेली. परत पाठवायच्या भानगडीत चार दिवस गेले, कुणी दाद दिली नाही. शेवटी शहापुरातल्या एका बाइंडरकडे नेला. त्याने जुनी पाठ सोलून काढली, खळ लावली, मांजरपाटाची पट्टी ओढून बसवली आणि वर निळं रेक्झिन चढवलं. दोनशे रुपये घेतले, काम चोख. पण पुस्तकाला लागलेली सवय काही गेली नाही. टेबलावर ठेवून हात सोडला की ते आपोआप ज़ादपाशी उघडतं. आज चार ओळी लिहायला बसलोय त्या त्या फाटलेल्या पाठीमुळेच.

कोश हान्स वेर यांचा, आधुनिक लिखित अरबीचा. मूळ जर्मन, १९५२ सालचा. तो १९६१मध्ये मिल्टन कोवन यांनी इंग्रजीत आणला. माझी प्रत चौथ्या आवृत्तीची, कागदी बांधणीची. तेराशे पानं, पानाला दोन रकाने, आणि अक्षर इतकं बारीक की पहिल्याच आठवड्यात घरातून ऐकून घ्यावं लागलं, “काय वो, डोळं फोडून घेणार काय आता?” त्यानंतर भिंग आणलं. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांनी पुस्तकाच्या किमतीत भिंगाचेही पैसे धरावेत.

आता दस्त लिहिणाऱ्या माणसाला अरबी कोश कशाला? माझा धंदा बेळगावात जुने कागद वाचून द्यायचा. मोडी येते म्हणून खानापूर, निपाणी, चंदगडकडून लोक पिशवीत बांधून कागद आणतात. वाटणीपत्रं, इनामाच्या नकला, गहाणखतं. त्या कागदांवर तारीख अशी असते: ‘सन सबा सबैन मया व अलफ’. हे मराठी नव्हे, फारसीही नव्हे, हे अरबी आकडे. सात, सत्तर, शंभर आणि हजार. आधी एकक, मग दशक. म्हणजे शुहूर सन ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, वर्ष मृगापासून धरायचं, की इसवी १७७६-७७ हाती येतं. आमच्यातले बहुतेक जण हे कोष्टक पाहून करतात, मीही तीस वर्षं तसंच केलं. सबा म्हणजे सात, एवढं पाठ. सबा हा शब्द मुळात कसा आहे, त्याचे भाऊबंद कोण, ते कधी विचारलं नाही. एके दिवशी एका तरुण वकिलाने विचारलं, “मास्तर, मौजे म्हणजे नक्की काय हो?” मला लोक मास्तर म्हणतात, शिकवलं मी कधीच कुणाला नाही. म्हटलं, मौजे म्हणजे गाव. तो म्हणाला, “मग गाव का म्हणत नाहीत?” त्या दिवशी रात्री कोश मागवला.

पहिला इशारा: हा कोश मराठी कोशासारखा उघडून बघता येत नाही. अरबीत बहुतेक शब्दांच्या पोटात तीन अक्षरांचं मूळ असतं आणि कोशाची मांडणी त्या मुळावर आहे. मौजे शोधायला मीमखाली गेलात तर मिळत नाही. पुढचा मीम सोलून टाकायचा, मग वाव, ज़ाद, ऐन उरतात, आणि तिथे ‘ठेवणे, मांडणे’ या क्रियापदाखाली तो सापडतो. मौजे म्हणजे मांडलेली जागा, ठिकाण. त्याच मुळाच्या ‘वज़अ’पासून आपली वजाबाकीतली वजा आली. एवढं कळायला मला महिना लागला. शिवाय क्रियापदांची रूपं शब्दांत न सांगता रोमन आकड्यांनी सांगितली आहेत. एक, दोन, तीन अशी दहापर्यंत. आठव्या रूपाचा आकडा बघून कळायला हवं की मध्ये त घुसणार. आणि ज़ादच्या पाठोपाठ तो त आला की त्याचंही जड, ट-सारखं ‘तो’ हे अक्षर होतं. ‘इज़्तलअ’ हा शब्द मी अलिफखाली, तोखाली, तेखाली असा दोन दिवस शोधला. तो निघाला ज़ाद-लाम-ऐनखाली. म्हणजे पुस्तक जिथे आपोआप उघडतं नेमक्या त्या पानावर, नाकासमोर.

त्या पानावर तसा सहजच डोळा फिरत होता. वर एक शब्द, ज़िलअ. अर्थ: बरगडी. पुढे: कटलेट, म्हणजे बरगडीचा मांसाचा तुकडा. त्यापुढे: त्रिकोणाची बाजू. मी भिंग खाली ठेवलं. ज़िलअ. ज़िला. जिल्हा.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात जिल्ह्यापुढे अरबीची खूण आहे हे मला माहीत होतं. त्याच्या दुसऱ्या, १८५७च्या आवृत्तीत प्रत्येक परक्या शब्दापुढे तशा खुणा असतात. पण अरबी म्हणजे अरबी, पुढे कोण जातो? यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हे सरळ दिलेलं आहे हेही नंतर कळलं: आधी बरगडी, मग बाजू, मग मुलखाचा एक भाग. अरब स्वतः मात्र जिल्ह्याला जिल्हा म्हणत नाहीत. इराकात, लेबनॉनात त्याला ‘कज़ा’ म्हणतात, आपल्या काजीच्या कुळातला शब्द. बरगडीचा मुलूख झाला तो हिंदुस्थानात, फारसीच्या वाटेने. फारसीवाल्यांनी ज़ादचा ज़ केला, घशातला ऐन आपल्याकडे येईतो गळला, आणि मराठीने वरून एक ह चिकटवला. कन्नडने ह न लावता ‘जिल्ले’ केलं.

इथे मी जरा जास्तच थांबलो, कारण मी बेळगावचा. १९५६च्या १ नोव्हेंबरला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा. मोर्चे, बंद, फाटलेले फलक, काळ्या फिती, हे बघत माझे केस पांढरे झाले. फलक कुठल्या भाषेत लावायचा यावर डोकी फुटली. पण फलकावरचा मुख्य शब्द दोन्ही बाजूंचा एकच. आम्ही जिल्हाधिकारी म्हणायचं, त्यांनी जिल्लाधिकारी. तालुका म्हणायचा, तालूकु म्हणायचं. तोही अरबीच. आणि ‘दोन्ही बाजू’ म्हणताना मी जी बाजू म्हणतो ती फारसी, तिचा अर्थ दंड. म्हणजे आमचं भांडण बरगडीवरून, आणि आम्ही उभे दोन दंडांच्या बाजूला. असो.

कोशाचं परीक्षण राहिलं बाजूला. (पुन्हा बाजू.) हान्स वेरचा हा कोश मुळात आजच्या लिखित अरबीचा. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, सरकारी कागद यांसाठी. म्हणून या मुळाखाली त्यात ‘अमक्याची त्यात बरगडी आहे’ अशा धाटणीचा प्रयोग मिळतो, म्हणजे त्याचा त्यात हात आहे. ‘ज़लीअ’ मिळतो: धडधाकट, आणि त्यावरून एखाद्या विषयात मुरलेला. आपण म्हणू बरगडी भक्कम म्हणून विषय पेलणारा. ‘मुज़ल्लअ’ म्हणजे बहुभुज. आपल्याला भूमितीत भुजा दिसल्या, त्यांना बरगड्या. इतपत अर्थ दोन-तीन इंचांत नीट बसवलेले आहेत. अर्थ देताना फाफटपसारा नाही, ही या कोशाची मोठी जमेची बाजू. पण शब्द असा का वळला हे तो सांगत नाही. वाक्य देत नाही, कवी देत नाही. दस्तात जसा फक्त गट नंबर आणि क्षेत्र असतं, चतु:सीमा नसतात, तसं वाटतं.

चतु:सीमा हव्या असतील तर एडवर्ड लेनचा अरबी-इंग्रजी कोश उघडावा. तो फुकट मिळतो, स्कॅन केलेला, आठ भाग. लेन १८४२मध्ये कैरोला जाऊन बसला, तिथल्या एका शेखाला हाताशी धरून जुने अरबी कोश वाचत गेला. पहिला भाग १८६३ला छापला. माणूस १८७६ला गेला तेव्हा काम क़ाफ अक्षरापर्यंत आलं होतं. शेवटचे भाग त्याच्या भाच्याच्या मुलाने टिपणांवरून पुरे केले, १८९३पर्यंत. त्यामुळे त्याच्या मागच्या अक्षरांत हात आखडता आहे. ज़ाद सुदैवाने पाचव्या भागात, माणूस जिवंत असतानाचा, भरघोस.

आणि तिथे बरगडी काय काय होते! मुळातला भाव झुकण्याचा, वाकडं होण्याचा. बरगडी वाकडी, म्हणून ती बरगडी. माळरानावर एकटाच उठलेला बुटका डोंगर, तोही ज़िलअ. खानापूरकडे जाताना असे दोन-चार दिसतात, आता त्यांच्याकडे बघितलं की बरगडीच दिसते. टरबुजाची फोड, तीही. फोडीचा आकार आठवा. एखाद्याकडे मन कलणं, त्याची ओढ असणं, त्यालाही हेच मूळ. आणि तिथे एक म्हण आहे: काट्याने काटा काढू नकोस, काट्याचा कल काट्याकडेच असतो. मी तीनदा वाचली. आपण लहानपणापासून काट्याने काटा काढतो, शाळेत वाक्यात उपयोग करतो, आणि अरब नेमकं उलट सांगून मोकळे. ही म्हण वापरायची कुठे तेही दिलंय: भांडणात कुणी म्हणालं, अमक्याला पंच नेमू, आणि तो अमका आधीच समोरच्याचा माणूस असेल, तेव्हा. सीमाप्रश्नावर समित्या नेमताना ही म्हण कुणी ऐकवली असती तर बरं झालं असतं, कुठल्या बाजूने ते विचारू नका.

मला अक्षरओळख शेजारच्या चाचांनी करून दिली. निवृत्त शिंपी. दुपारच्या नमाजानंतर आमच्या कट्ट्यावर बसतात. ज़ादच्या उच्चारावर त्यांनी माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. “दाल नक्को, ज़ालबी नक्को. ज़ुबान की करवट ऊपर की दाढ़ों कू लगाव.” जिभेचं टोक नव्हे, जिभेची कूस. माझ्या वरच्या दोन दाढा गेलेल्या, त्यामुळे माझा ज़ाद कायमचा अपुरा. पण त्या खटपटीतून एक गंमत उमगली. आमच्या धंद्यातले निम्मे शब्द या एका अक्षराने बांधलेले आहेत. जामीन, जप्ती, जरूर, जिद्द हे तर थेट ज़ादखालीच, जिल्ह्याच्या शेजारी. अर्ज, गरज, हजर, रजा, मर्जी, फजिती यांच्या पोटात तो दडलेला. कोर्टाच्या आवारात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढंच तर चालतं. मराठीत आपण सगळ्यांना ज करून टाकलं, म्हणून जामिनातला ज आणि जमाखर्चातला ज एकच वाटतो. अरबीत जमा जीमने, जामीन ज़ादने. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

एकदा चाचांना लेनमधला एक प्रयोग वाचून दाखवत होतो. ‘ज़लअ अद्-दैन’. दैन म्हणजे कर्ज. कर्जाचं असं ओझं की माणूस सरळ उभा राहू शकत नाही, एका अंगाला कलतो. चाचा एकदम ताठ बसले. “फिरसे पढ़ो.” मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी डोळे मिटून एका दमात एक दुआ म्हटली. चिंतेपासून, दुःखापासून, दुबळेपणापासून, आळसापासून, कंजूषपणापासून, भित्रेपणापासून, आणि शेवटी ‘व ज़लइद्दैनि व ग़लबतिर्रिजाल’, कर्जाच्या ओझ्यापासून आणि माणसांच्या दडपशाहीपासून देवा तुझा आसरा. बुखारीच्या हदीससंग्रहातली ही दुआ. “मास्टर, ये तो मैं पचास साल से पढ़तूँ,” ते म्हणाले, “करज का मालूम था. झुकने का मालूम नै था.”

मला मात्र झुकलेला माणूस माहीत होता. गहाणखत लिहायला येणारा बाकावर कधी पूर्ण बसत नाही. एका मांडीवर भार, एक खांदा खाली, पिशवी पोटाशी. सही करायला वाकतो तेव्हा उजवीकडची बरगडी शर्टातून दिसते. तीस वर्षं मी हे समोर बघितलं, आणि त्याच्यासाठी एक शब्द कुणीतरी चौदाशे वर्षांपूर्वीच प्रार्थनेत घालून ठेवलेला. हे हान्स वेर एकट्याने मला दिलं नसतं, आणि लेनही एकट्याने दिलं नसतं. हान्स वेरने दार दाखवलं, लेनने आत नेलं, आणि आतला माणूस निघाला शेजारचा.

या कोशाबद्दल अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण विकत घेणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. जर्मनीत या कोशाचं काम हिटलरच्या काळात चाललं होतं, आणि त्या राजवटीला त्यात रस होता, हिटलरचं पुस्तक अरबीत नेण्यासाठी. शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांत हेडविग क्लाइन नावाची हॅम्बुर्गची एक विदुषी होती, ज्यू. ११ जुलै १९४२ला तिला हॅम्बुर्गहून आउश्वित्झला नेलं. ती परत आली नाही. १९५२च्या प्रस्तावनेत तिचे आभार आहेत, तिचं काय झालं ते नाही. कोणते शब्द तिच्या चिठ्ठ्यांतले ते पानावर लिहिलेलं नसतं. मी तेव्हापासून हे पुस्तक जरा हळू उलटतो.

तर, घ्यावं का? नुसते मराठीतले अरबी शब्द बघायचे असतील तर घेऊ नका, अक्षरओळखीशिवाय आणि मूळ सोलायच्या सवयीशिवाय ते दगड आहे. जुने कागद वाचणारे असाल तर घ्या, पण सोबत लेनचे स्कॅन उतरवून ठेवा. हान्स वेरमध्ये मूळ पटकन सापडतं, लेनमध्ये त्या मुळाचा वाडा असतो. नवी प्रत महाग. जुनी घेणार असाल तर विक्रेत्याला पाठीचा फोटो मागा. आणि आमच्या बेळगावच्या पावसात कपाटात ठेवू नका. जुलैत माझ्या प्रतीच्या कडेला पांढरी बुरशी आली, ती मऊ कापडाने पुसली, आता पुस्तक रेडिओच्या वर, उबेला असतं. छपाई बारीक असली तरी शाई पक्की. दोन पावसाळ्यांत एक अक्षर उडालेलं नाही. पाच पैकी चार. एक कापला तो भिंगाचा.

गेल्या रविवारी मटण आणायला गेलो. दुकान चाचांच्या भाच्याचं, आणि चाचा आतल्या स्टुलावर बसलेले. रांगेत माझ्यापुढे दोघं चिक्कोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे कधी होणार यावर बोलत होते, जुनीच चर्चा. माझा नंबर आला. मी चाप मागायच्या आधी चाचाच ओरडले, “मास्टर कू आधा किलो ज़िला दे रे.” भाच्याला काही कळलं नाही. त्याने बरगड्यांची आख्खी बाजू ओंडक्यावर टाकली, सत्तूर उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

“कित्ते टुकड़े करूँ?”